साहेबांचा दरबार आणि शिपायाचे तास

बार्शीटाकळी ठाण्याच्या हद्दीत गावोगावचे पोलीस पाटील आहेत. त्यांच्या संघटना आहेत, त्या मोर्चे काढतात. 2024 मध्ये त्यांचं मानधन 6,500 वरून 15,000 रुपये झालं. ठाण्यातल्या शिपायाला मात्र असं एकत्र येऊन मागता येत नाही. त्याने गाऱ्हाणं मांडायचं ते साहेबांच्या दरबारात, एकट्याने.

पोलिसांच्या संघटनेवरचं हे बंधन शंभर वर्षांपूर्वीचं आहे. लंडनच्या पोलिसांनी 1918 मध्ये संप केला. पुढच्या वर्षीच्या कायद्याने त्यांची युनियन मोडली, पण पोलीस फेडरेशन दिलं. शिस्त आणि बढतीची व्यक्तिगत प्रकरणं सोडून कल्याणाचे बाकी विषय तिथे मांडता येत. आपल्याकडच्या 1922 च्या कायद्याने पोलिसांत अप्रीती पसरवणं गुन्हा ठरवलं, तरी सरकारमान्य संघटनेला त्यातून सूट ठेवली. 1966 च्या कायद्यातही बंदी आहे ती परवानगीवाचून संघटनेत जाण्यावर.

1979 मध्ये पंजाबातून पोलिसांचं आंदोलन देशभर पसरलं. महाराष्ट्रातही पोलिसांच्या संघटनेला मान्यता मिळाली होती. ती ऑगस्ट 1982 मध्ये काढून घेतली गेली. 18 तारखेला मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावं लागलं. गिरणी संप तेव्हा चालूच होता. सरकारने त्या दिवसाची धास्ती घेतली ती कायमची. तेव्हापासून वाद ‘संघटना हवी की नको’ एवढ्यावरच अडकला. बोलायचं कशावर, हे कुणी विचारलंच नाही.

कॅलिफोर्नियात व्हॅलेहो शहराच्या अग्निशामकांच्या खटल्यात 1974 मध्ये हाच प्रश्न होता. जवान किती ठेवायचे हे शहराचं धोरण की कामाची अट? न्यायालय म्हणालं, जवानांच्या कामाचा बोजा आणि जीव जिथे गुंततो, तेवढ्यावर बोलणी करावीच लागतील. मला ही चाळणी पटते. बंदोबस्त कुठे लावायचा ते ठाणेदारानेच ठरवावं. पण रात्रभर मिरवणुकीत उभा राहिलेला शिपाई सकाळी कधी हजर होणार, बुडालेली साप्ताहिक सुट्टी केव्हा मिळणार, पोलीस लाईनीतलं गळकं छत कोण दुरुस्त करणार, यात राज्याचं कसलं गुपित आहे?

संघटनेची भीती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत काही शहरांच्या करारांनी आरोप असलेल्या पोलिसांची चौकशीच अवघड करून ठेवली. पण शिस्तीची व्यक्तिगत प्रकरणं बाहेर ठेवता येतात, हे इंग्रजांनी 1919 मध्येच दाखवलं होतं.

आपल्याकडे 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. कल्पना एका शिपायाची, आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. 2021 मध्ये अमरावती शहरात महिला पोलिसांना आठ तास मिळाले. दोन्ही निर्णय चांगलेच, पण दोन्ही वरून आलेले. असा आदेश पुढच्या साहेबांनी गुंडाळला, तर शिपाई दाखवणार काय? त्याच्या हातात करार नाही. कायदा न बदलताही सरकारला मर्यादित विषयांपुरती संघटनेला परवानगी देता येईल. सुरुवात तासांपासून करावी.