अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळणारे पाणी

पुण्यातल्या एका शाळेत नववीत असताना आम्ही पाण्याचा उत्कलनबिंदू मोजला होता. तिवईवर जाळी, जाळीवर चंचुपात्र, खाली स्पिरिटचा दिवा आणि स्टँडला टांगलेला थर्मामीटर. टेबलाभोवती आम्ही आठजण. तळातून बुडबुडे सुटू लागले, मग पाण्याला खळखळून उकळी आली आणि पारा 98 वर जाऊन थांबला. आम्ही वाट पाहिली, दिव्याची वात वर केली, तरी पारा हलेना. शेजारच्या टेबलावरही तेच. सरांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "थर्मामीटर जुने झालेत. शंभर लिहा." साऱ्या वर्गाने 100 लिहिले. जर्नलवर सही झाली, गुण मिळाले.

थर्मामीटर बरोबर होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि दर 300 मीटरला पाणी साधारण एक अंश आधीच उकळते. पुण्यात ते 98 च्या आसपासच उकळणार. साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात 95-96 ला. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, आणि म्हणूनच कुकर लागतो. त्याचे झाकण वाफ कोंडून दाब वाढवते आणि आतले पाणी 120 अंशांपर्यंत तापते. हवेचा दाब, सह्याद्रीची उंची, स्वयंपाकघरातली शिट्टी, हे सगळे त्या दोन अंशांत आमच्यासमोर येऊन उभे होते. आम्ही ते खोडरबराने पुसले.

सरांची शंका मात्र चुकीची नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. थर्मामीटर बिघडलेला असू शकतो, आणि उपकरणावर शंका घेणे हे विज्ञानच आहे. पण शंका घेतली की ती तपासावी लागते. थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवायचा. पारा शून्यावर आला तर त्याला सहजासहजी खोटे ठरवता येत नाही. बर्फ शाळेसमोरच्या रसवंतीगृहात मिळाला असता. दहा मिनिटांचे काम होते, आणि ती दहा मिनिटे आम्हाला जे शिकवून गेली असती ते पुढे कुठल्याच धड्यात मिळाले नाही.

माध्यमिक शाळेत सगळ्यांना सक्तीने विज्ञान शिकवायचे ते कशासाठी? कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना अनिवार्य असावे, असे सुचवले. महाराष्ट्रात 1975 पासून दहावीची शालान्त परीक्षा नव्या आकृतिबंधात सुरू झाली. त्यामागचा विचार मोठा होता. विज्ञान ही मूठभर डॉक्टर-इंजिनिअरांची मिरास नाही, शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, कारकुनाच्या मुलामुलींनाही त्यावर हक्क आहे, असे त्यातून सांगितले गेले. आज मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयाच्या दोन भागांत गुरुत्वाकर्षणापासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंत वीस प्रकरणे आहेत. आवर्त सारणी, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे, आनुवंशिकता, जैवतंत्रज्ञान, अवकाश मोहिमा... कमी काही नाही. 'करून पहा'च्या चौकटीही जागोजाग आहेत. मी पुस्तकाला दोष देत नाही.

दोष आहे तो आपण या विषयाकडे पाहतो त्या नजरेत. आपल्याला ही अकरावी सायन्सची पूर्वतयारी वाटते. वास्तविक दहावीनंतर जी मुले कला, वाणिज्य, आयटीआय किंवा थेट कामधंद्याकडे वळतात त्यांच्यासाठी हे आयुष्यातले शेवटचे विज्ञान असते. पुढे सायन्सला जाणाऱ्याला प्रकाशाचे अपवर्तन पुन्हा भेटेल. वाणिज्यला जाणाऱ्या मुलीला ते कधीच भेटणार नाही. सामान्य विज्ञानाचा अभ्यासक्रम जोखायचा तर या मुलीपाशी वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यातले काय उरते, यावर जोखला पाहिजे.

हा निकष लावला की काही वाद आपोआप सुटतात. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग आणि आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण काढून टाकले, तेव्हा 2023 मध्ये देशभर चर्चा झाली. 1,800 हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी उत्क्रांती परत आणा म्हणून पत्र लिहिले. हा विषय अकरावी-बारावीत आहेच, असे समर्थन त्यावर झाले. पण अकरावी-बारावीत तो जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच आहे! बाकीच्यांनी सजीवसृष्टी कशी घडली हे न कळताच मतदार, पालक, सरपंच व्हायचे का? आपल्या मंडळाच्या 2018 च्या पुस्तकात भाग दोनची सुरुवातच 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या प्रकरणाने होते, आणि याबद्दल ते पुस्तक करणाऱ्यांचे आभार मानावेत असे मला मनापासून वाटते.

मात्र प्रकरण पुस्तकात असणे आणि डोक्यात उतरणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात परीक्षा बसलेली आहे. 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. मला तो परीक्षेतला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. व्याख्या नको, आकृती नको, फक्त 'असे का?' एवढेच तो विचारतो. पण आपण या 'का'चीही घोकंपट्टी करून टाकली. तांब्याची हिरवट झालेली भांडी चिंचेने किंवा लिंबाने का घासतात, याचे तीन ओळींचे उत्तर अपेक्षित प्रश्नसंचात तयार असते. हिरवट थर म्हणजे कॉपर कार्बोनेट, आम्लात तो विरघळतो, भांडे लख्ख होते. मुलगी ते पाठ करून दोन गुण मिळवते. तिच्या आजीला कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, हे पक्के ठाऊक असते. दोन्हींकडे धातू आणि आम्लाची तीच गाठ आहे. पण आजीचे 'कळकणे' आणि नातीचे 'कॉपर कार्बोनेट' एका घरात राहून एकमेकांना भेटत नाहीत. ती भेट घडवून आणणे हेच विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे.

उष्णतेचे प्रकरण घ्या. पाण्याचे असंगत आचरण त्यात आहे. शून्यापासून चार अंशांपर्यंत तापवताना पाणी प्रसरण पावण्याऐवजी आकुंचन पावते आणि होपच्या उपकरणाने ते दाखवता येते. थंड प्रदेशात नळ का फुटतात, हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. चंद्रपूरच्या पोराने नळ गोठून फुटलेला जन्मात पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेला असतो कूलर. त्याच धड्यात सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदूही आहेत. मग विचारा ना त्याला: मे महिन्यात चंद्रपुरात कूलरने खोली गार होते, तोच कूलर रत्नागिरीला नेला तर नुसती चिकचिक का होते? माठातले पाणी पावसाळ्यात तितके गार का होत नाही? ही उत्तरे पाठ करून येत नाहीत, कारण ती मुलाच्या कातडीला आधीच माहीत असतात. त्याला फक्त शब्द हवे असतात: कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते आणि ते होताना उष्णता शोषली जाते, दमट हवेत ते मंदावते.

हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांना दोन ठिकाणे दाखवावीशी वाटतात. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले प्रयोग करून शिकत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत, कारण पुस्तकात सापडेल असे काही विचारलेच जात नसे. सरकारी शाळांमध्ये तो तीस वर्षे चालला. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला, ही मोठी हानी आहे असे मी मानतो. दुसरे ठिकाण आपल्याच पुणे जिल्ह्यातले पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आखलेल्या उपक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, म्हणजे माती तपासतात, वेल्डिंग करतात, रक्तातले हिमोग्लोबिन पाहतात. वेल्डिंग करणाऱ्या मुलाला विद्युतधारेचा औष्णिक परिणाम समजावून सांगायला किती वेळ लागेल, याचा विचार करून पहा.

सगळ्या शाळा पाबळसारख्या होणार नाहीत. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, एकच विज्ञान शिक्षक, त्यांच्यामागे निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, मार्चच्या आत पोर्शन संपवायची धास्ती. आमच्या सरांनी 'शंभर लिहा' म्हटले ते आळसापोटी नव्हते. पुढचा तास भूमितीचा होता आणि बाहेर 'ब' तुकडी ताटकळत उभी होती. म्हणूनच सुरुवात परीक्षेपासून व्हायला हवी, कारण परीक्षा बदलली की तास आपोआप बदलतो. आज दोन्ही भागांच्या प्रत्येकी 40 गुणांच्या लेखी परीक्षा असतात आणि 20 गुण शाळेच्या हातात. या 20 गुणांत तरी मुलाला त्याने स्वतः घेतलेल्या रीडिंगबद्दल विचारावे. ओहमच्या नियमाच्या आलेखात तुझा एक बिंदू रेषेबाहेर का गेला? तार तापली होती का? जोडणी सैल होती का? बिंदू रेषेवर आणून बसवणाऱ्यापेक्षा तो बाहेर ठेवून कारण शोधणाऱ्याला जास्त गुण द्यावेत. लेखी परीक्षेत नोंदींचा एक तक्ता देऊन 'यातली कोणती नोंद तुम्ही पुन्हा घ्याल आणि का?' असा एक प्रश्न घालायला नवे पुस्तक लागत नाही, अनुदान लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने तो घालायचे ठरवले की पुरे.

विज्ञान शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या जूनमध्ये प्रयोगशाळेचे कुलूप उघडाल, दिवे पेटवाल, आणि पारा 98 वर थांबेल तेव्हा मुलांना वहीत 98 च लिहू द्या. आणि पुढचा एक तास त्या दोन अंशांसाठी राखून ठेवा.