टोचणी आणि हाक

मनाला टोचणी लागणे, हा शब्दप्रयोग आपण मराठी माणसे सहज करतो. याच अनुभवासाठी ख्रिस्तमंडळाच्या नीतिशास्त्राने जो शब्द स्वीकारला, तो लॅटिन भाषेतील 'स्क्रुपुलुस'. त्याचा मूळ अर्थ लहानसा टोकदार खडा. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषा एकाच प्रतिमेशी येऊन थांबाव्यात, हे मोठे बोलके आहे. वहाणेत खडा शिरला तर माणूस थांबतो, वहाण झटकतो आणि चालू लागतो. टोचणे हे त्या खड्याचे उपकारच. नाहीतर पायाला जखम झाल्यावर कळले असते. परंतु खडा निघून गेल्यावरही जो वाटेतच बसून तीच वहाण पुन्हापुन्हा झटकत राहतो, त्याचे काय?

अशा वाटेवर मी स्वतः काही वर्षे बसून होतो. वडिलांच्या अखेरच्या आजारात एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा पाणी मागितले. दिवसभराच्या जागरणाने मी शिणलो होतो. पाणी दिले, पण त्रासून, टाकून बोलून दिले. त्यानंतर दोनच दिवसांनी ते गेले. मी पापनिवेदन केले, पापक्षमा मिळाली. पुढच्या उपवासकाळात मी तेच पाप पुन्हा सांगितले, त्यापुढच्या उपवासकाळातही. मधल्या काळात त्या रात्रीची उजळणी किती वेळा केली याची गणती नाही. आवाज किती चढला होता? ते ऐकून वडिलांनी तोंड फिरवले होते का? मी मुळातच कृतघ्न मुलगा आहे का? दर वेळी मनातला न्यायाधीश नवा आरोप काढी आणि निकाल मात्र पुढे ढकली.

तिसऱ्या खेपेला जाळीपलीकडच्या वयोवृद्ध धर्मगुरूंनी शांतपणे विचारले, "हे पाप तुम्ही पूर्वी सांगितले आहे का?" मी होय म्हटले. क्षणभराने ते म्हणाले, "मग आज आपण देवाची क्षमा मागायला आला आहात, की त्याने दिलेली क्षमा परत करायला?"

त्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. आजवर मी माझ्या अस्वस्थतेलाच पश्चात्ताप समजत होतो. जितके अधिक स्वतःला कोसावे तितका पश्चात्ताप अधिक खरा, असा माझा हिशेब होता. तो हिशेब कोठे चुकतो, हे पुढे संत इग्नेशियस लोयोला यांचे आत्मकथन वाचताना मला उमगले.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सरदार अंथरुणावर पडल्या पडल्या पालटला. १५२२ च्या मार्च महिन्यात मोंतसेरातच्या मठात त्याने आयुष्यभराच्या पापांचे लेखी निवेदन केले. त्याला तीन दिवस लागले. तेथून तो मानरेसा गावी गेला आणि तेथे त्याला या टोचणीने गाठले. काही सांगायचे राहून तर गेले नाही ना? पुन्हा निवेदन केले, समाधान नाही. आठवेल ते सर्व लिहून काढावे, असे एका विद्वान उपदेशकाने सुचवले. त्याने तेही केले, तरी समाधान नाही. गतकाळातील जे अगदी स्पष्ट असेल तेवढेच पुन्हा सांगावे, अशी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी मर्यादा घातली. पण त्याला सारेच स्पष्ट वाटत होते! यातना इतक्या वाढल्या की जीव द्यावा असा विचार वारंवार त्याच्या मनात येऊ लागला. त्याने आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले. धर्मगुरूंच्या आज्ञेवरून उपवास सोडला, दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पापांची माळ पुन्हा सुरू झाली. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे.

सुटका कशी झाली, हे पाहण्याजोगे आहे. ती आणखी कठोर तपश्चर्येने झाली नाही, की एखादे विसरलेले पाप आठवल्यानेही झाली नाही. स्वप्नातून जाग यावी तसे त्याला भान आले आणि त्याने प्रथमच त्या विचारांचा माग काढला. ते कोठून येतात आणि मला कोठे नेतात? ते त्याला प्रार्थनेपासून, जगण्यापासून, देवाच्या दयेपासून दूर नेत होते. तेव्हा गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे त्याने ठरवले. हे आपल्याला देवाच्या कृपेने साधले, असेच त्याने पुढे सांगितले. आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्याने अशा टोचणीविषयी स्वतंत्र सूचना लिहिल्या. काही काळापुरती ती आत्म्याला उपकारक ठरते, हे त्यात तो प्रांजळपणे मान्य करतो. मात्र ज्याची विवेकबुद्धी आधीच नाजूक आहे, तिला वैरी आणखी नाजूक करत नेतो आणि अखेर माणसाला हतबल करून टाकतो, असा इशाराही देतो.

माझ्या मते यातून एक साधी कसोटी हाती येते. देवाची हाक नेमकी असते. ती म्हणते, अमुक ठिकाणी चुकलास. ऊठ, अमुक कर. क्षमा माग, भरपाई कर, वागणे बदल. टोचणी मात्र मोघम असते. ती कृतीवरून घसरून माणसावर येते. 'हे वाईट केलेस' याचे पाहता पाहता 'तू वाईटच आहेस' असे होते. हाकेच्या अखेरीस एक कृती असते. टोचणीच्या अखेरीस पुन्हा टोचणीच असते.

शुभवर्तमानातील दोन शिष्य येथे आठवतात. यहुदालाही पश्चात्ताप झाला होता. त्याने तीस रुपये परत नेले आणि आपण पाप केल्याचे कबूल केले. पण त्याने ते सांगितले मुख्य याजकांना, ज्यांना त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. आणि मग तो स्वतःचाच न्यायाधीश झाला. त्याचा अंतिम निवाडा देवाकडे आहे, आपण तो करू नये. पेत्रही कोळशाच्या शेकोटीपाशी तीनदा नाकबूल झाला आणि रडला. परंतु तो इतर शिष्यांच्या संगतीत राहिला. तिबिर्या समुद्राच्या काठी पुनरुत्थित प्रभूने कोळशांचा विस्तव पेटवला होता. तेथे त्याने पेत्राला त्या रात्रीचा जाब विचारला नाही. प्रीतीविषयी तीनदा विचारले, आणि तीनही वेळा काम सोपवले, कळप सांभाळण्याचे. क्षमा ही अशी काम देऊन पूर्ण होते.

कोणी म्हणेल, आजच्या काळात विवेकबुद्धी बोथट झालेल्यांचीच गर्दी अधिक. त्यांना हे सांगणे म्हणजे आयती पळवाट. शंका रास्त आहे. ज्याला खडा टोचतच नाही, त्याच्यासाठी हा लेख नाही. पण आपल्या घरांतून पाहा: मुलाच्या अपयशासाठी रात्र रात्र स्वतःला दोष देणारी आई, परीक्षेतील एका चुकीपायी स्वतःला कुचकामी ठरवणारी मुलगी, प्रार्थनेत मन भरकटले म्हणून तीच प्रार्थना दहादा म्हणणारे आजोबा. यांना आणखी कठोर होण्याचा उपदेश हवा आहे का? संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात स्वतःशीही सौम्यतेने वागण्याविषयी एक प्रकरणच लिहिले. बापाच्या संतापापेक्षा त्याच्या मायेच्या शब्दाने मूल लवकर सुधारते, तसेच आपल्या मनाचेही असते, असे ते सांगतात. आपल्या समर्थ रामदासांनीही मनाची कानउघाडणी केली खरी, पण त्याला हाक मारली ती सज्जन म्हणून.

शिवाय अतिकठोर आत्मनिंदेत एक छुपा अहंकार असतो. देवाने मोकळे केलेल्याला मी मोकळे करणार नाही, असे म्हणणारा माणूस नम्र दिसतो. प्रत्यक्षात तो देवाच्या आसनावर बसलेला असतो. मात्र हा दोष सर्वांच्या माथी मारू नये. काहींच्या बाबतीत हे विचारचक्र म्हणजे आजारच असतो. आजचे मानसशास्त्र तो ओळखते आणि त्यावर समुपदेशन व औषधे आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. जीव नकोसा वाटू लागला, तर घरच्यांना, धर्मगुरूंना, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. मानरेसाच्या त्या साधकानेही आपली तळमळ दुसऱ्यापाशी बोलून दाखवली होती.

त्या वृद्ध धर्मगुरूंनी मला प्रायश्चित्त म्हणून एकही प्रार्थना सांगितली नाही. ते पाप पुन्हा उच्चारायचे नाही, अशी आज्ञा केली आणि विचारले, "तुमच्या आळीत कोणी अंथरुणाला खिळलेले आहे का?" होते. तेव्हापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्या आजोबांपाशी बसू लागलो. तेही एकच गोष्ट चारदा विचारीत, पुन्हापुन्हा पाणी मागत. एखाद्या वेळी कंटाळा दाटून येई आणि जुनी टोचणी डोके वर काढी. मी तिच्याशी वाद घालत बसलो नाही. उठलो, माठातले पाणी घेतले आणि पेला त्यांच्या ओठांशी धरला.