तान्ह्या बाळाचा श्वास आणि अहिंसा
आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू मोठ्यांना बहुधा साध्या सर्दीइतकाच त्रास देतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजून चिकट स्रावाने बुजतात. छाती आत ओढली जाते, दूध पिणे थांबते. मोठ्यांकडून हा विषाणू बाळापर्यंत पोहोचला, तर हेतू वाईट नसताना झालेल्या अशा इजेची नैतिक जबाबदारी कोणावर असते का? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो. त्यामुळे धोका ठाऊक असूनही न टाळलेली इजा निर्दोष ठरत नाही. सर्दी झालेल्या पाहुण्याने बाळाचा मुका न घेणे, हात साबणाने धुणे, घरात विडी न ओढणे, हे सारे अहिंसेचेच आचरण होय. २०२३ पासून काही देशांत गरोदर स्त्रियांना लस, तर बाळांना निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचे इंजेक्शन मिळते. जिथे हे उपाय परवडत नाहीत, तिथे सावधपणाचे हे कर्तव्य कुटुंबाइतकेच समाजाचे असते.