भुंग्याला वाळकं लाकूड हवं
परंड्याकडून सोनारीच्या भैरवनाथाला सकाळी निघालं, की कार्तिक-मार्गशीर्षात वाटेवरची तूर पिवळी झालेली असते. ऊन चढायच्या आत काळा भुंगा हजर. तो बसला की फूल वाकतं, खालची पाकळी दबते आणि आतले पराग त्याच्या पोटाला फासले जातात. तूर आपल्या परागावरही शेंगा धरते, हे खरं. पण संकरित तुरीचं बियाणं करायचं, तर एका ओळीतले पराग दुसऱ्या ओळीला न्यायला माश्या-भुंगेच लागतात.

वांग्याचं काम आणखी अवघड. त्याचे पराग नळीत कोंडलेले, टोकाला बारीक भोक. भुंगा फूल पायांनी कवटाळतो आणि छातीचे स्नायू असे थरथरवतो की गुणगुण एकदम चढते अन् पराग झडतात. मधमाशीला ही कला येत नाही. नवरात्रात घटाच्या माळेत जाणाऱ्या तरवडाचं कुलूपही असंच उघडतं.

याचा केसाळ भाऊबंद बम्बलबी थंड मुलखातला; आपल्या देशात तो हिमालयात भेटतो. त्याची एक जात अमेरिकेत इतकी घटली, की २०१७ साली तिथल्या सरकारनं तिला संकटग्रस्त ठरवलं. कुरणं नांगरली गेली, औषधं आली, रोग आले. आपल्या भुंग्याची एवढी चौकशी होत नाही.

खरं तर चौकशी फार जुनी आहे. कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, हा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी येतो. कीर्तनात आपण कळीपाशी रमतो. लाकडाकडे कोणी पाहत नाही, आणि भुंग्याचा संसार तर तिथंच!

मादी बांबूला किंवा वठलेल्या फांदीला करंगळीएवढं गोल भोक पाडते. लाकूड ती खात नाही. भुसा खाली पडतो. आत पराग आणि मध कालवून गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत. पुढं पुन्हा तसाच खण. मोजकीच पिल्लं, राणी नाही, हजारोंचं पोळं नाही. म्हणून एक तुळई गेली तरी त्याला ते जड जातं. (दारापाशी घोंघावत अंगावर येतो तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते, उगाच दरारा.)

माळवदाच्या घरांत सागाच्या, बाभळीच्या तुळया होत्या; आता स्लॅब आहे. त्याबद्दल तक्रार नाही, माळवदाची गळती ज्यानं सोसली त्यालाच ठाऊक. पण बांधावरची वठलेली बाभूळही जळणाला जाते, रुई-तरवडावर तणनाशक पडतं. बांध तुळतुळीत दिसावा, ही हौस मला कधी कळली नाही. त्यात तूर फुलात असताना अळीसाठीचा फवारा भर सकाळी, नेमका भुंग्याच्या वेळेला. तोच दिवस कलल्यावर मारला, तर निदान फुलावर बसलेला भुंगा त्यात भिजत नाही.

आणि घराचा वासा पोखरतो म्हणून भोकात रॉकेल ओतणाऱ्यांनी गोठ्याच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा जागी, वाळक्या बांबूचे चार तुकडे आडवे बांधून पाहावेत. एका बाजूला पेर बंद असलेले.