गळलेल्या पानाचे देणे

कोकणातील खाडीकाठी खारफुटीचे पिवळे पान चिखलात गळून पडते तेव्हा त्याचे कार्य संपले असे वाटते. परंतु बुरशी आणि जिवाणू ते कुजवू लागतात, खेकडे ते कुरतडतात आणि त्या कुजक्या कणांवर पोसलेली कोळंबी माशांच्या, तर मासे घारीच्या पोटात जातात. पानाने सूर्यप्रकाशातून साठवलेली ऊर्जा अशी जीवाकडून जीवाकडे जाते, त्या क्रमाला अन्नसाखळी म्हणतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये एका तळ्याच्या अभ्यासातून या प्रवाहाचा हिशेब मांडला. प्रत्येक पायरीवर बरीच ऊर्जा श्वसनातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि ढोबळमानाने १० टक्केच पुढे पोहोचते. म्हणूनच पाने अगणित, तर घारी मोजक्याच असतात. ही ऊर्जा मागे फिरत नाही, ती सूर्याकडून रोज नव्याने यावी लागते. नत्र, स्फुरद यांसारखी द्रव्ये मात्र कुजण्यातून मुक्त होऊन पुन्हा मुळांकडे येतात.

माणसाच्या ताटातील प्रत्येक घासही अशाच साखळीतून आलेला असल्याने, उगवत्या सूर्याला हात जोडताना चिखलात निमूटपणे कुजणाऱ्या पानाचेही स्मरण ठेवणे आणि खाडीकाठची खारफुटी राखणे, हेच सूर्याच्या आणि पानाच्या ऋणाचे खरे भान होय.