जुनी गाडी आणि विक्रेत्याचे मौन

येवल्यातील एका परिचित गृहस्थांनी मागील महिन्यात मला एक प्रश्न विचारला. त्यांची मोटार १३ वर्षांची. मनमाडच्या वाटेवर अनकाईजवळच्या चढावर तिचा दुसरा गिअर आपोआप निसटू लागला आणि गिअरबॉक्समधून घुरघुर ऐकू येऊ लागली. मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगून ४० हजारांचा अंदाज दिला. गाडीलाच बाजारात फार तर सव्वा लाख मिळाले असते. पैठणीच्या मागावर चालणाऱ्या घरात ४० हजार ही लहान रक्कम नव्हे. त्यातच मुलीच्या प्रवेशाची फी समोर उभी होती. मग त्याच मेकॅनिकने दुसरा मार्ग सुचवला : गिअरबॉक्समध्ये जाड तेल भरा, काही दिवस आवाज दबेल, गिऱ्हाइकाला सपाट रस्त्यावर फिरवून आणा आणि गाडी काढून टाका. नगरसूलचा एक तरुण घ्यायला तयारही होता. गृहस्थांचे म्हणणे असे, की जाड तेल ते भरणार नाहीत आणि विचारल्यास खोटेही बोलणार नाहीत. परंतु तो तरुण विचारणारच नाही, तर आपण होऊन सांगणे आवश्यक आहे काय?

जाड तेलाविषयी शरीअतचा निर्णय शोधावा लागत नाही. उंटीण किंवा शेळी विकण्यापूर्वी दोन-तीन दिवस न पिळता दूध तुंबवायचे आणि कास भरलेली दाखवायची, ही युक्ती अरबस्तानच्या बाजारातही चालत असे आणि आपल्या गुरांच्या बाजारालाही ती परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला मनाई केली आणि फसलेल्या खरेदीदाराला जनावर परत करण्याचा अधिकार दिला, काढलेल्या दुधाच्या बदल्यात एक साअ खजूर द्यावी, इतका बारकावा त्या निर्णयात आहे. तुंबवलेली कास आणि जाड तेलाने दबलेला आवाज यांत मला काही अंतर दिसत नाही.

कठीण आहे तो मौनाचा प्रश्न. आपल्या देशाचा भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि खाली घोड्याची उदाहरणे आहेत. घोडा सदोष आहे हे विक्रेत्याला ठाऊक आहे, तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण येते : घेणारी विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. मला ही दोन उदाहरणे फार बोलकी वाटतात. कायदा करणाऱ्यांना मौनातील अन्याय दिसत होता; त्यांनी त्याची बंदी नात्यापुरती ठेवली.

इस्लामने ती कक्षा बाजाराएवढी केली. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला आणि त्यात काही खोटे नव्हते. तरीही ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे सुनावले गेले. विक्रेत्याने खोटा शब्द उच्चारला नव्हता. ओल मात्र खाली राहिली होती. ओल खाली राहू देणे आणि निसटणारा गिअर सांगायचा राहू देणे, या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत.

मग ‘जशी आहे तशी’ असे लिहून घेतले तर? इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये एक प्रसंग नोंदला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी दोषाची जबाबदारी राहणार नाही या अटीवर आपला एक गुलाम ८०० दिरहमांना विकला. खरेदीदाराने आजाराची तक्रार केली, वाद हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे गेला. विकताना आजार ठाऊक नव्हता अशी शपथ घ्यावी, असा निर्णय झाला. इब्न उमर (रजि.) यांनी शपथ घेतली नाही, गुलाम परत घेतला. त्यांच्याकडे तो बरा झाला आणि पुढे १५०० दिरहमांना विकला गेला. हनफी फिकहमध्ये अशी अट करारापुरती ग्राह्य आहे, हे खरे. परंतु करार टिकला म्हणून जाणूनबुजून लपवल्याचा गुन्हा पुसला जात नाही.

घरातील प्रत्येक ओरखडा मोजून दाखवा, असे कोणी म्हणत नाही. डोळ्यांना दिसते ते गिऱ्हाइकाने पाहावे. जे त्याला दिसणार नाही आणि कळल्यास तो किंमत कमी करील किंवा घेणारच नाही, ते सांगायचे. गिऱ्हाईक मुस्लिम आहे की नाही, याने काही बदलत नाही. काही लोक येथे मनाशी पळवाट काढतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

सांगितल्याने नुकसान होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. खरे बोलणाऱ्या दोघांच्या व्यवहारात बरकत असते, हे हदीसमध्ये आहे. पण ४० हजार लगेच दुसऱ्या दाराने परत येतील असा त्याचा अर्थ लावून मी त्या गृहस्थांना धीर दिला नाही. फीचा प्रश्न खरा होता.

त्यांनी नगरसूलच्या तरुणाला मेकॅनिकचा अंदाज लिहिलेला कागदच दाखवला. तरुण विचार करून सांगतो म्हणाला, तो पुन्हा आला नाही. फीचे पैसे मेहुण्याकडून उसने घेतले आहेत. गाडी अजून गल्लीत उभी आहे. मनमाडच्या एका फिटरने गिअरबॉक्स स्वतः खोलून बसवीन म्हणत ८० हजार सांगितले आहेत आणि गृहस्थ ८५ वर अडून आहेत.