नाते मोडले, देणे उरले

टोमॅटोचे रोप, मल्चिंग, बांबू, तार, औषधे यांचा खर्च पहिला तोडा नारायणगावच्या बाजारात पोचण्याआधीच होऊन गेलेला असतो. त्या दिवसांत जुन्नर-आंबेगावात जवळच्या माणसाकडून हातउसने घेतले जातात. समजा, मंचरला नोकरी करणाऱ्या मुलीने लग्न ठरलेल्या मुलाला असेच दीड लाख रुपये दिले. पुढे लग्न मोडले. तिने पैसे मागितले, तर तो म्हणाला, "ते तू प्रेमाने दिले होतेस."

प्रेमाने दिलेली भेट परत मागू नये, हे मला मान्य आहे. पण उसनवारीला मागाहून भेट ठरवणे ही लबाडी आहे, आणि ती खपूनही जाते. घोडेगावच्या दिवाणी न्यायालयात बँकेचा उतारा ठेवला तर पैसे गेले एवढेच दिसते. ते उसने होते, हे तिलाच सिद्ध करावे लागते. 'दुसरा तोडा झाला की देतो' हा मोबाइलवरचा मेसेज मोलाचा ठरतो. मात्र मूळ मोबाइल हजर न करता छापील प्रत द्यायची, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही अट पक्की केली. त्यातच मुदतीचा प्रश्न. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, तर पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा असतो. तिची बरीचशी मुदत भिडेपोटीच सरते.

याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. रोखा सावकाराच्या पेटीत असे आणि त्यावरचा अंगठा कुळाचा. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायला सांगितले आणि सावकारावर पावती देण्याचे बंधन घातले. तिथे घेणारा दुबळा होता, आणि लिखापढी मागितली गेली ती त्याला सांभाळण्यासाठी. आपल्या या मुलीच्या बाबतीत देणारी दुबळी आहे, आणि तिच्या हाती कागदच नाही.

"आपल्यात कसली चिठ्ठी?" असे म्हणून विषय संपवला जातो. माझे म्हणणे असे की चिठ्ठी मागण्याची वेळ देणाऱ्यावर येऊच नये. तिने मागितली तर तो अविश्वास वाटतो. त्याने आपणहून लिहून दिली तर कोणालाच काही लागत नाही. रक्कम, तारीख, कधी फेडणार, सही. नाते मोडल्यावर लगेच फेडणे जमत नसेल, तर मुदत संपण्याआधी 'इतके देणे आहे' असे सहीनिशी लिहून द्यावे. तिथून मुदत नव्याने मोजली जाते. एकमेकांशी बोलणे बंद असले तरी एवढे करता येते.

आणि जिच्याकडे काहीच लिहून नाही, तिनेही दार बंद समजू नये. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तोंडी साक्षही पुराव्यात धरली जाते. ज्याच्यासमोर त्याने देणे कबूल केले, तो मित्र बहुधा मुलाच्याच गावचा असतो आणि 'मला मध्ये घेऊ नका' म्हणतो. त्याने तारखेला यावे आणि जे ऐकले ते सांगावे.